शुगरवाल्यांचा पाय सुजला, लाल झाला: हाडाचं इन्फेक्शन की शार्को फूट?

दोन वर्षांपूर्वी आईचा पाय असाच सुजला होता, लालबुंद, दुसऱ्या पायापेक्षा चांगलाच गरम, आणि ती म्हणे दुखत तर काहीच नाहीये. इन्फेक्शन समजून तीन आठवडे अँटिबायोटिक चाललं, आई गोळ्या घेत घरभर फिरत राहिली आणि तेवढ्यात तळपायाची कमान खाली बसली. निघाला शार्को फूट.

शार्कोत जंतू नसतातच. शुगरने नसा बधिर झालेल्या, त्यामुळे हाडाला बारीक तडा गेला तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालतो आणि हाडं आणखी ढासळतात, बहुतेक वेळा पावलाच्या मधल्या भागातली. कातडी बऱ्याचदा अख्खी असते. इथे औषध म्हणजे प्लास्टर आणि पाय टेकवायचा नाही, तेही काही महिने, दोन्ही पायांचं तापमान जवळपास सारखं होईपर्यंत.

हाडाचं इन्फेक्शन, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, शुगरवाल्यांच्या पायात जवळजवळ नेहमी जखमेतून आत जातं. बोटाखाली नाहीतर टाचेला जखम, आठवडेच्या आठवडे न भरणारी. डॉक्टर त्यात धातूची बोथट काडी हळूच घालून बघतात, खाली टणक हाड लागलं की संशय पक्का होत जातो. एक्सरे पहिले २-३ आठवडे अगदी साफ दिसू शकतो, त्यावर विसंबू नका, एमआरआय लागतो, आणि हाडाचा तुकडा कल्चरला पाठवला तर नेमकं कुठलं औषध चालेल ते कळतं. अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे. मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार, म्हणून कधीकधी तेवढं हाड काढावं लागतं, आणि सगळं खराब हाड निघालं तर गोळ्यांचे दिवस बरेच कमी होतात.

एक गोष्ट घरीच बघता येते, झोपवून पाय ५-१० मिनिटं उंच धरा, शार्कोची लाली बरीचशी उतरते, इन्फेक्शनची तशीच राहते. पण हा नुसता अंदाज हं, दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि शुगरवाल्यांना हाडात इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कित्येकदा, त्यामुळे तापाची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि जाताना चालवत नेऊ नका, व्हीलचेअर मागा. जखम नसताना अँटिबायोटिक लिहून दिलं तर "शार्को असेल का?" असं सरळ विचारा, आम्हाला तेव्हा हा शब्दच माहीत नव्हता.