ऑनलाइन प्रताधिकार आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : गोव्याच्या संदर्भात

इंटरनेटवरील गाणे, चित्र, लेखन यांवर निर्मात्याचा हक्क (प्रताधिकार, बोलीत कॉपीराइट) राखताना इतरांचे गाणे, बोलणे, टीका करणे अडू नये, यासाठी कायद्याने घातलेला मेळ. भारतात एकीकडे प्रताधिकार अधिनियम, १९५७ आणि दुसरीकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद १९, अशी ही ओढाताण आहे.

गोव्यात ती चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात येते. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या सजावटीखाली, घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्ये घेऊन मंडळी आरत्या म्हणतात. कोणीतरी मोबाइल टेकवून चित्रण करतो. संतांच्या रचनांवर आज कोणाचाच हक्क नाही. मात्र त्याच आरतीचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षे तिचे राहते. शेजारचा स्पीकर चित्रफितीत पुसट जरी आला, तरी यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा तो जुळवून दावा लावू शकते. टीका, समीक्षा, बातमी यांसाठीच्या न्याय्य वापराला प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५२ मोकळीक देते. पण वापर कशासाठी केला, हे यंत्र पाहत नाही.

हक्कदाराच्या लेखी तक्रारीत तथ्य वाटल्यास संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर रोखायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, अशी व्यवस्था २०१२ ची दुरुस्ती व २०१३ चे नियम यांतून आली. मजकूर टाकणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची पायरी तीत नाही. ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मजकूर हटवण्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा, असे ठरवले. प्रताधिकाराच्या बाबतीत मात्र नेमकी सूचना पुरते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले.

लग्नाच्या वरातीत वाजवलेल्या गाण्यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोवा शासनाने त्यावर परिपत्रक काढले. ते कायद्याच्या पलीकडे जाते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केले. वरातीची ही सूट तिची चित्रफीत नेटवर चढवण्यालाही लागते, असे धरून चालणे धोक्याचे.

निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली दाद मागता येते. पाच मिनिटांच्या आरतीसाठी कोर्टाची पायरी चढणारी मंडळी विरळाच. बहुतेक जण चित्रफीत काढून टाकतात.