केटामाइन उपचार

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यात केटामाइन हे भुलीचे औषध अल्प मात्रेत देण्याची पद्धत. सायकेडेलिक म्हणजे जाणीव बदलणाऱ्या द्रव्यांच्या उपचारांच्या चर्चेत सिलोसायबिन, एलएसडी आणि एमडीएमए ही नावे पुढे असली, तरी भारतातल्या रुग्णाच्या वाट्याला ती येत नाहीत; अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याची त्यांवर कडक बंधने आहेत. केटामाइनही त्या कायद्याच्या कक्षेत आहे, पण शस्त्रक्रियागृहात ते नेहमी लागते. नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ तेच वापरतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कापूस पट्ट्यात फवारणीचे औषध बहुधा घरातच असते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. केटामाइनने अनेकांचे आत्महत्येचे विचार काही तासांत ओसरतात. खानदेशात या उपचाराचे मोल आहे ते एवढ्यासाठी. धोकाही इथेच आहे. एका मात्रेचा असर साधारण आठवडाभरात उतरतो. माणूस हसू-बोलू लागला म्हणून गोळ्या थांबवू नयेत, आणि फवारणीची बाटली घरातून हलवलीच पाहिजे.

मात्रा वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, सलाइनमधून ४० मिनिटांत. ५० किलोच्या रुग्णाला २५ मिलिग्रॅम लागते. कुपीवर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असे छापले असेल तर ते अर्धा मिलिलिटर होते, १० असेल तर अडीच. लेबल न वाचता ५० च्या कुपीतून अडीच मिलिलिटर भरले, तर १२५ मिलिग्रॅम जाऊन रुग्णाला पूर्ण भूल चढू शकते. आधी सहा तास जेवण बंद असते, कारण ओकारी होऊ शकते. रक्तदाब वाढतो, शरीरापासून वेगळे झाल्यासारखे वाटते. काही जण घाबरतात. म्हणून प्राणवायू, मॉनिटर आणि श्वासमार्ग सांभाळू शकणारा डॉक्टर खोलीतच हवा. नंतर किमान दोन तास देखरेख. त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही; धडगाव, अक्कलकुव्यासारख्या लांबच्या तालुक्यांतल्या रुग्णाने सोबत माणूस आणावा, शक्यतो मुक्काम करावा.

अनियंत्रित रक्तदाब, भ्रम-भास होणारे आजार आणि गरोदरपण यांत हे औषध टाळतात. वारंवार व्यसनासारखे घेतल्यास मूत्राशय कायमचे खराब होऊ शकते.

बांधावरचा धोतरा हा याला पर्याय नव्हे. त्यातल्या अॅट्रोपिन, स्कोपोलामिनने तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, ताप चढतो, रुग्ण बरळतो आणि दगावूही शकतो.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.