तीन पत्त्यांची ती पैज बरोबरीची नाही

पोकरच्या टेबलावर मुख्य डावासोबत एक साइड बेट हमखास निघते. ‘कोणतेही तीन पत्ते सांग. सत्ती, दश्शी, गुलाम? फ्लॉपवर (टेबलावर सर्वांसाठी उघडणाऱ्या पहिल्या पानांत) यातलं एक तरी पान येणार. लाव बरोबरीची पैज!’ समोरचा मनात म्हणतो, तेरातले तीनच, म्हणजे न येण्याचीच शक्यता जास्त. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज साफ चुकीचा आहे.

फ्लॉपवर एक नाही, तीन पानं उघडतात. 52 पानांच्या कॅटमध्ये सांगितलेली पानं 12 (प्रत्येक पत्त्याची चार), बाकीची 40. फ्लॉप 22,100 प्रकारे पडू शकतो. त्यात तिन्ही पानं त्या 40 मधलीच असे प्रकार 9,880. म्हणजे ‘नाही येणार’ 44.7 टक्के, ‘येणार’ 55.3 टक्के. शंभर रुपयांची पैज शंभरदा लागली, तर ‘नाही’वाला सरासरी हजारावर रुपये घालवतो.

‘माझे लकी पत्ते’ सांगून यात काडीचाही फरक पडत नाही. पडतो तो हातातल्या दोन पानांनी. सांगितलेल्यांपैकी दोन पानं तुमच्याच हातात असली, तर ‘येणार’ 49.6 टक्क्यांवर उतरतं. एकही नसलं तर 57 वर चढतं. म्हणून स्वतःची पानं बघून झाल्यावर कुणी ही पैज टाकली, तर घेऊच नका.