खानावळीच्या बाकावर कोण बसत होतं?

पुण्याहून कोल्हापूरला जाताना आम्ही जेवायला हमरस्ता सोडतो. एखाद्या तालुक्याच्या गावात शिरायचं, स्टँडच्या आसपास पत्र्याची खानावळ शोधायची. लाकडी बाक, पाण्याचा तांब्या, ताटात ज्वारीची भाकरी, आमटी, खरडा, फोडलेला कांदा. मागे चुलीचा धूर. अशा जागेला आपण सहज ‘जुनी परंपरा’ म्हणतो. भाकरी जुनी आहे खरी. पण रस्त्याने जाणाऱ्या कुणीही पैसे द्यावेत आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या पंगतीला बसून जेवावं, ही रीत मात्र आपल्याकडे फार जुनी नाही.

पूर्वी प्रवासी शिदोरी बांधून निघे. लांबचा पल्ला असला तर सोबत पीठमीठ घेई. धर्मशाळेत किंवा नदीकाठी तीन दगडांची चूल मांडायची आणि आपलं अन्न आपण शिजवायचं. गाठीला पैसे असले तरी दुसऱ्याच्या हातचं खावं की नाही, हे आधी त्याच्या जातीवरून ठरे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. शहरातल्या प्रतिष्ठितांची ही गत, तर खेड्यापाड्यांतल्या वाटेवरच्या हॉटेलाची कल्पनाच करायला नको.

याच साताऱ्याच्या मुलखात १९०१ साली भीमराव आंबेडकर हा शाळकरी मुलगा भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला होता. मसूर स्टेशनवर ही मुलं उतरली. जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असं ठरलं. डबा सोबत होता, पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून पोरं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी पुढे हा प्रवास स्वतःच लिहून ठेवला. आज त्याच भागातून जाताना खानावळीत बसल्या बसल्या, न मागता, सगळ्यात आधी पाणी समोर येतं. मला दर वेळी मसूर आठवतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी या बंदीवर नेमका घाव घातला. त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना भर रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. ‘सत्यसुधारक’ त्याचं नाव. एवढ्यावर न थांबता महाराज स्वतः तिथे चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. मराठी मुलखातल्या हॉटेलांचा इतिहास लिहायचा तर त्याचं पहिलं पान या हॉटेलाला द्यावं, असं मला वाटतं. १९५० साली संविधान लागू झालं. त्याच्या १५व्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो याच अनुभवातून आलेला. तरीही वेगळ्या कपबश्या पुढे कितीतरी वर्षं कोनाड्यात राहिल्याच.

खानावळ हा शब्द मुळात वाटसरूंचा नव्हेच. घर सोडून शहरात राहणाऱ्यांची ती सोय होती. विद्यार्थी, कारकून, मुंबईचे गिरणी कामगार महिन्याचे पैसे भरून तिथे जेवत. गिरणगावात हा भार बहुतेक बायांनी उचलला. घरातल्या चुलीवर त्या दहा-पंधरा जणांचं जेवण रांधत आणि किराणा सावकाराच्या कर्जावर आणत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते यांच्यासाठीच. हमरस्त्याच्या पाट्यांवर आज ‘घरगुती’ हा शब्द दिसतो, त्यामागे या बायांचे कष्ट आहेत.

खानावळ रस्त्यावर आली ती एसटीबरोबर. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि पुढे तालुक्यातालुक्यांत स्टँड झाले. कोर्टकचेरीला, बाजाराला आलेला माणूस परतीच्या गाडीपर्यंत थांबायचा आणि त्याला भूक लागायची. त्या एका बसमधून सगळ्या जातींची माणसं एकमेकांना खेटून यायची, जेवायलाही तशीच बसायची. कायद्याने जे कागदावर आणलं ते रोजच्या सवयीत मुरवायला या लाल गाडीची मोठी मदत झाली, असं माझं मत आहे.

भाकरीला मान मात्र उशिरा मिळाला. ती रोज घरी असतेच, म्हणून बाहेर खायची ती पुरी-भाजी, मिसळ, भजी. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. योजना टिकली नाही, पण भाकरी विकत घेऊन खायची गोष्ट झाली. मग शहरातल्या गाड्या ‘चुलीवरचं’ ही पाटी बघून थांबू लागल्या.

पुढे चौपदरी रस्ता झाला आणि वळणरस्त्यांनी गावं बाजूला पडली. बऱ्याच खानावळी फाट्यावर सरकल्या, तिथे पंजाबी ढाब्यांशेजारी दाल तडका आणि काजू करीही करू लागल्या. गावात उरलेल्यांचं गिऱ्हाईक जुनंच आहे. तारखेला आलेले पक्षकार, ड्रायव्हर-कंडक्टर, आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी. दुपारी दोननंतर गेलात तर भाकरी संपलेली असते, भातावर भागवावं लागतं.