गॅस की वीज? शेगडी घेण्याआधी इमारतीचा नियम पाहा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्वयंपाकघराचं काम काढलं की बहुतेक जण आधी शेगडी पसंत करतात, मग ओटा, आणि नियमांची चौकशी सगळ्यात शेवटी. आमची विनंती एवढीच की हा क्रम उलटा करा.

नियम नेमका कशावर असतो?

‘गॅसबंदी’ची बातमी वाचली की चालू शेगडी काढून टाकावी लागणार, अशी धास्ती वाटते. सहसा तसं नसतं. असे नियम बहुधा नव्या बांधकामांना लागतात आणि अनेकदा त्यांचा रोख शेगडीवर नसून गॅसच्या जोडणीवर असतो. नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2018 पासून परवान्यासाठी अर्ज केलेल्या नव्या घरांना सर्वसाधारणपणे गॅसजोडणी मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1 जानेवारी 2024 पासून नियोजन परवाना लागणारी नवी घरं फक्त विजेवर चालणारीच हवीत. न्यूयॉर्क शहराने 2021 मध्ये असाच कायदा केला, पण हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि रुग्णालयं त्यातून वगळली. म्हणून पहिला प्रश्न ‘गॅस चालेल का’ हा नाही. परवान्याचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे आणि इमारत कोणत्या वापराची आहे, हे आधी पाहायचं.

नियम फिरतातही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने 2019 मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन टाकायला बंदी केली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. तिथल्या रेस्टॉरंटांच्या संघटनेने दावा लावला. उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम करणं हा 1975 च्या केंद्रीय कायद्याचा विषय आहे, शहराला पाइपाच्या आडून तो हाती घेता येणार नाही, असं म्हणत अपील न्यायालयाने 2023 मध्ये ती बंदी रद्दबातल ठरवली. तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा जुन्या बातमीवर जाऊ नका. परवाना देणाऱ्या कार्यालयातून आजचा नियम लेखी घ्या.

वीज घेणार असाल तर

खरं काम भिंतीच्या आत असतं. प्लगवर चालणारी एका भांड्याची इंडक्शन शेगडी साधारण 2 किलोवॅटची. ओट्यात बसवायची चार भांड्यांची शेगडी 7 किलोवॅटच्या आसपास जाते. म्हणजे 230 व्होल्टवर 30 अँपिअर. ती नेहमीच्या सॉकेटवर चालणार नाही. तिला बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि चोख अर्थिंग लागतं. त्यात 3 किलोवॅटचा गिझर एकाच वेळी लागला की आणखी 13 अँपिअर. मंजूर लोड (वीज कंपनीने तुमच्या घराला एका वेळी वापरायला मान्य केलेली वीज) तेवढा आहे का, हे खरेदीआधी तपासा. लोड वाढवून मिळायला वेळ लागतो. भांड्याला चुंबक चिकटला तर ते इंडक्शनवर चालतं, त्यासाठी वेगळी तपासणी नको.

आज गॅसच घेणार असलात तरी भिंत उघडी असताना ही वायर, निदान तिच्यासाठी रिकामा पाइप, टाकून ठेवा असं आम्ही आग्रहाने सांगतो. टाइल्स लागल्यावर हेच काम कैक पट महाग पडतं. (यात आमचंही काम वाढतं, हे कबूल. तरी सल्ला तोच.)

गॅस ठेवणार असाल तर

पाइपातला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली साचतो. त्यामुळे गळतीची सूचना देणारं यंत्र पहिल्यासाठी छताजवळ आणि दुसऱ्यासाठी जमिनीलगत लावायचं. सिलिंडरची शेगडी पाइपावर आणताना बर्नरचे जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) बदलावेच लागतात: पाइपाच्या गॅसला मोठं छिद्र लागतं. घरच्या घरी छिद्र मोठं करू नका.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात आम्ही बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.

पाहणीला येऊ तेव्हा बांधकाम परवान्याची प्रत, ताजं वीजबिल आणि पसंत केलेल्या उपकरणाचं माहितीपत्रक हाताशी ठेवा. वीजबिलावर मंजूर लोड छापलेला असेल तर निम्मी चौकशी तिथेच संपते.