दोन्हीत सरस, तरी कापड परक्याचं

८०, ९०, १००, १२०. अर्थशास्त्रातला एक जुना सिद्धांत या चार आकड्यांवर उभा आहे. लंडनच्या शेअरबाजारात गडगंज पैसा कमावलेल्या डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये आपल्या ग्रंथात ते मांडले. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत होतं आणि वाइन ८० मध्ये.

आकडे काल्पनिक, पण बेरकीपणाने निवडलेले. इंग्लंड तेव्हा कापडगिरण्यांचं माहेरघर होतं, तरी रिकार्डोने कागदावर पोर्तुगालला दोन्हीत सरस ठरवलं. (त्याचं घराणं मूळचं पोर्तुगीज ज्यू, अॅम्स्टरडॅममार्गे लंडनला आलेलं. तेवढ्यासाठी त्याने झुकतं माप दिलं नसावं!) मग सगळंच कमी श्रमात जमणाऱ्या पोर्तुगालने इंग्लंडचं कापड का घ्यावं?

हिशेब करून बघू. आपापलं करायचं तर इंग्लंडची २२० माणसं गुंततात, पोर्तुगालची १७०. एकूण ३९०. आता दोघांचं कापड इंग्लंडने विणायचं, म्हणजे २०० माणसं. दोघांची वाइन पोर्तुगालने करायची, म्हणजे १६०. बेरीज ३६०. माल तेवढाच आणि ३० माणसं मोकळी, २० इंग्लंडची, १० पोर्तुगालची. नवं यंत्र नाही, कोणी जास्त राबलं नाही.

हे कसं झालं ते मला कळलं गणपतीच्या आदल्या दिवशी, विळीवर बसून. आमची काकू मोदक तर झरझर वळतेच, पण नारळही माझ्या निम्म्या वेळात खवते. तरी विळी माझ्याकडे. ती दहा मिनिटं नारळावर घालवेल तर तिचे आठ मोदक बुडतात. मला एका नारळाला वीस मिनिटं लागतात, पण तेवढ्या वेळात मी फार तर तीन मोदक वळले असते, तेही पारी फाटलेले. म्हणजे काकूचा नारळ आठ मोदकांना पडतो, माझा तीनला. घड्याळ लावलं तर ती जिंकते. मोदकांत मोजलं तर माझा नारळ स्वस्त. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

तसंच वाइनचं. एक माप वाइनसाठी इंग्लंडला १.२ मापं कापडावर पाणी सोडावं लागतं, पोर्तुगालला साधारण ०.८९ वर. सौदा या दोन आकड्यांच्या मधे कुठेही ठरला तरी दोघांना परवडतो. नेमका कुठे ठरेल हे पुढे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज अर्थतज्ज्ञाने दोन्हीकडच्या मागणीवरून उलगडलं. माझ्या मते खरी भांडणं इथेच आहेत. भाव एका टोकाला सरकला की दुसऱ्याच्या हाती चिमूटभरच उरतं.

शिवाय रिकार्डोने एक गोष्ट गृहीत धरली होती, की भांडवल सहसा देश सोडत नाही. ते सहज सोडत असतं, तर इंग्रज भांडवलदारांना कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच करून घेणं सोयीचं पडलं असतं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. आणि ती ‘मोकळी’ माणसं? विणकर दुसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यात रमत नाही. प्रत्यक्षातला इंग्लंड-पोर्तुगाल करार तर १७०३ चा, रिकार्डोच्या जन्माच्याही आधीचा. पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांश कमी जकात आणि त्या बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचा दरवाजा खुला. व्यापारातली तूट पोर्तुगालने ब्राझीलच्या सोन्याने भरली. त्यात सिद्धांतापेक्षा युद्धातल्या दोस्तीचा हात मोठा.

सिद्धांताची बऱ्यापैकी स्वच्छ परीक्षा जपानमध्ये झाली. दोनशेहून अधिक वर्षं जवळजवळ बंद असलेला हा देश १८५९ मध्ये व्यापाराला खुला झाला. कच्चं रेशीम, चहा बाहेर जाऊ लागला. युरोपातले रेशीमकिडे तेव्हा रोगाने मरत होते, म्हणून कागदावर घातलेली रेशीमकिड्यांची अंडीसुद्धा जहाजांतून इटलीला निघाली. आत आलं सुती आणि लोकरी कापड. दार उघडण्याआधीचे आणि नंतरचे भाव डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राउन या अर्थतज्ज्ञांनी ताडून पाहिले. गणित सिद्धांताप्रमाणेच निघालं: बंद दाराआड जे तुलनेने स्वस्त होतं ते एकूणात बाहेर गेलं, जे महाग होतं ते आत आलं. २००५ मध्ये त्यांनी फायद्याचा अंदाज छापला: राष्ट्रीय उत्पन्नाच्या फार तर ८ ते ९ टक्के. मला वाटलं होतं, आकडा बराच मोठा असेल.

पुढे पारडं फिरलं. परदेशी कापड विकत घेणाऱ्या जपानने सूतगिरण्या काढल्या, त्यांना कापूस हवा होता, आणि १८९३ मध्ये तो न्यायला मुंबईहून कोबेला थेट जपानी जहाजं सुरू झाली.