ट्यूमर मार्कर : स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या प्रतिसादाचा अंदाज

गाठीच्या पेशींत किंवा रुग्णाच्या रक्तात सापडणाऱ्या आणि रोगाचा स्वभाव सांगणाऱ्या प्रथिनांना व जनुकांना ट्यूमर मार्कर म्हणतात. गाठ केमोथेरपीला दाद देईल का, याचा अंदाज त्यांतल्या काहींवरून येतो. पण ट्यूमर मार्कर म्हटले की बहुतेकांना सीए १५-३ ही रक्ततपासणी आठवते आणि नेमकी तीच या कामाची नाही. पसरलेल्या आजारात उपचार चालू असताना तिचा उपयोग होतो. तिथेही केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून केवळ त्यावरून औषध बदलणे घाईचे ठरते.

खरी माहिती मिळते ती बायोप्सीच्या तुकड्यातून. तो तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. इथे हयगय झाली तर रिपोर्टच फसवा निघतो. रंगवलेल्या काचेवर ईआर (इस्ट्रोजेनचा) व पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) हे हार्मोन पकडणारे रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात तपकिरी दिसतात. हर-टू हे पेशींना वाढायला लावणारे प्रथिन पेशीच्या कडेला उमटते. त्याची श्रेणी ० ते ३+ अशी देतात. ३+ असेल तर पेशीपेशीभोवती गडद, अखंड कडे दिसते, जणू जाळीच विणली आहे. २+ आल्यास निर्णय लागत नाही. मग फिश या, जनुकांना चमकता रंग जोडून पाहण्याच्या तपासणीत १७व्या गुणसूत्रावरील हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात.

शस्त्रक्रियेआधी केमो दिल्यावर स्तनात आणि काखेतल्या लसिकाग्रंथींत पसरणारा कर्करोग अजिबात न उरणे, हा संपूर्ण प्रतिसाद. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर व हर-टू तिन्ही नसलेल्या) गाठींत, तसेच ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाची जोड दिलेल्या हर-टू पॉझिटिव्ह गाठींत तो बऱ्याचदा मिळतो. ईआर भरपूर आणि हर-टू निगेटिव्ह असेल तर क्वचितच. म्हणून अशा स्त्रीची गाठ केमोने फारशी विरघळली नाही, तर धीर सोडण्याचे कारण नाही. तिचा मुख्य आधार हार्मोनविरोधी औषधांचा असतो. याउलट ट्रिपल निगेटिव्ह गाठ केमोला चांगली दाद देते, पण ती पूर्ण गेली नाही तर रोग उलटण्याचा धोका मोठा. रोग पुढे कसा वागेल आणि औषधाचा गुण येईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

केआय-६७ हे प्रथिन वाढत्या पेशींचे प्रमाण सांगते. ५ टक्क्यांपर्यंत किंवा ३० टक्क्यांच्या वर ते भरवशाचे. मधल्या आकड्यांवर दोन पॅथॉलॉजिस्टचेही एकमत होईलच असे नाही.

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत न पोचलेल्या रोगात ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी करतात. २०१८ मध्ये टेलरएक्स अभ्यासाचे निष्कर्ष आले : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या चाचणीचा गुणांक २५ पर्यंत असेल तर हार्मोन उपचाराला केमोची जोड देऊन वेगळा लाभ होत नाही. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत मात्र १६ ते २५ गुणांकाला थोडा फायदा दिसला.